तळ्याच्या गाळातून जुनी पाणीपातळी आणि जुना पाऊस: नाशिकमध्ये सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चा प्रबंध असो, पीएच.डी.ची तयारी असो किंवा नुसतं कुतूहल. गाळातून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस शोधायचा म्हटलं की नाशिकची मुलं हमखास गंगापूर धरणाकडे बोट दाखवतात. धरणाच्या गाळाचं वय साठ-सत्तर वर्षं. त्याच्या खाली जे आहे ते नदीचं, तळ्याचं नव्हे. मग कोणीतरी परदेशी पाठ्यपुस्तक हातात देतं. त्यात हिमनदीने कोरलेली खोल सरोवरं असतात आणि दरवर्षी एक असे सुबक थर असतात. आपल्याकडे बेसाल्ट आहे, काळी माती आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी घातलेले बांध आहेत. या तिघांमुळे गाळात असे बदल होतात की पाऊस बदलला असंच वाटावं. म्हणून नाशिकच्या गाळात पाऊस शोधण्याआधी खडक, माती आणि माणूस यांचा वाटा वेगळा काढावा लागतो. खालच्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. तळं मुळात किती जुनं आहे?

जिल्ह्यात दिसणारी बहुतेक तळी माणसाने केलेली आहेत. पाझर तलावांचं मोठं पीक १९७२ च्या दुष्काळानंतर, रोजगार हमीच्या कामांतून आलं. गावतळी त्याहून जुनी असू शकतात, पण त्यांनाही बांध असतो. म्हणजे पाण्याची उंची पावसाइतकीच बांधाच्या दुरुस्तीवरही ठरते. आधी घरबसल्या तीन गोष्टी तपासा: भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर आणि गुगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं. शेवटची गोष्ट वगळू नका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अनेक तलावांतला गाळ जेसीबीने काढून शेतात पसरला गेला आहे. शेताचं भलं झालं, पण वरचे थर ट्रॉलीतून निघून गेले. जुन्या चित्रांत तळाशी चौकोनी खड्डे आणि ट्रॅक्टरच्या वाटा दिसल्या, तर ते तळं यादीतून काढून टाका.

नैसर्गिक आणि खरोखर जुनं सरोवर हवं असेल तर आपल्या बेसाल्टच्या पठारावर पहिलं नाव लोणारचं. उल्कापाताने झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटरच्या कोअरमध्ये, म्हणजे नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, अकरा हजार वर्षांची नोंद मिळाली. सिन्नरहून समृद्धी महामार्गाला लागून मेहकरला उतरलं की लोणार जवळच, त्यामुळे एकदा काठावर उभं राहून ते जरूर पाहून या. पण नवशिक्याला तिथे कोअर काढू देणार नाहीत आणि ते योग्यच आहे.

हात बसवण्यासाठी नाशिकमध्ये तीन प्रकारच्या जागा उपयोगी पडतात: अंजनेरीच्या पठारावर आहे तसं डोंगरावरचं तळं, पूर्वेकडच्या तालुक्यांतली जेसीबी न लागलेली जुनी गावतळी आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागचा गाळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा ब्रिटिश काळातला, त्यामुळे तिथे शतकभराची नोंद मिळते. हजारो वर्षं मिळणार नाहीत. तरी तिथल्या गाळाची पुराच्या आणि पावसाच्या लेखी नोंदींशी ताडून परीक्षा घेता येते, आणि शिकण्यासाठी त्याहून चांगली सोय नाही.

२. इगतपुरीचं तळं की येवल्याचं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा प्रबंध तिथेच फसतो.

आपल्याकडे उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं. इगतपुरीला पाऊस तीन मीटरच्या वर पडतो. तिथलं तळं जुलैमध्येच सांडव्यावरून वाहू लागतं आणि पातळी सांडव्याच्या उंचीला अडकते. पाऊस तीन मीटर झाला काय आणि चार झाला काय, तळ्याला फरक पडत नाही. तो फरक गाळात पातळीच्या रूपाने उतरणारच नाही. येवला-सिन्नरकडे पाऊस अर्ध्या मीटरच्या आसपास. तिथल्या तळ्यात पडणाऱ्या पावसापेक्षा उडून जाणारं पाणी तिप्पट, म्हणून पाणलोटातून किती येतं यावर सगळं अवलंबून. पाऊस थोडा हलला की पाणी काठापासून लांब सरकतं. तेव्हा पातळीचा अभ्यास करायचा तर पूर्वेला जा, शक्यतो जिथून पाणी बाहेर पडत नाही अशा खोलगटाकडे. पश्चिमेचं तळं परागकणांसाठी, म्हणजे भोवतालचं रान कसं बदललं हे पाहण्यासाठी ठेवा.

३. परवानग्या आणि कागद

गाळ फुकट असला तरी तो कोणाच्या तरी अखत्यारीत असतो. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय खुरपंसुद्धा लावू नका. धरणासाठी जलसंपदा विभाग, गावतळ्यासाठी ग्रामपंचायत, किल्ल्यावरच्या तळ्या-टाक्यांसाठी पुरातत्त्व आणि वन दोन्ही. सोबत ठेवा:

– महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र, त्यात किती व्यासाची आणि किती खोल भोकं पाडणार हे स्पष्ट लिहिलेलं
– परवानगीची प्रत आणि ओळखपत्र
– नकाशा, त्यावर नियोजित जागा खुणा करून
– जागा खासगी असेल तर सातबारा आणि मालकाची संमती

सातबारा कशाला, असं वाटेल. पाणी ओसरलं की अनेक तलावांत गाळपेर होते. ती जमीन कोण कसतं हे विचारल्याशिवाय उतरलात तर भांडण ठरलेलं. शिवाय गाळपेर झालेल्या जागी वरचा वीतभर थर नांगराने एकजीव केलेला असतो. तिथला वरचा भाग कालगणनेला निरुपयोगी, हेही त्या शेतकऱ्याशी बोलूनच कळतं. गावात शिरताना 'सर्व्हे' हा शब्द टाळा. जमीन जाणार अशी शंका येते. "तळ्याचा गाळ तपासायचाय, जुना पाऊस बघायचाय" असं सरळ सांगितलं की म्हातारी माणसं स्वतःहून बहात्तर सालच्या गोष्टी सांगू लागतात, आणि तळं कधी कोरडं पडलं, बांध कधी फुटला हे तुम्हाला फुकटात मिळतं. ते वहीत उतरवून घ्या.

४. सामान

महागड्या पिस्टन कोअररशिवाय सुरुवात होते. ठिबकच्या दुकानात अडीच-तीन इंची जाड पीव्हीसी पाइप आणि दोन्ही टोकांच्या टोप्या मिळतात. पाइपाचं खालचं टोक आतून न घासता बाहेरून तासून धारदार करा. याशिवाय घण आणि लाकडी ठोकळा, तिवई आणि चेन पुली, फावडं, घमेलं, टेप, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), जीपीएस, मातीच्या रंगांचा मन्सेल चार्ट, भिंग, दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी बाटली, क्लिंग फिल्म, ॲल्युमिनियम फॉइल, न पुसणारा मार्कर.

चेन पुली टाळू नका. काळ्या चिकट गाळात पाइप आत जातो सहज, बाहेर यायला मात्र चार माणसं घाम गाळतात.

५. उंची मोजा, मग नमुना काढा

गोदेला पूर आला की नाशिककर विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? मारुती जागचा हलत नाही, म्हणून त्या उत्तराला अर्थ असतो. तुमच्या तळ्यालाही असा एक न हलणारा बिंदू लागतो: देवळाचा जोता, पुलाचा कठडा किंवा उघडा खडक. प्रत्येक कोअरच्या तोंडाची उंची त्या बिंदूपासून ऑटो लेव्हलने मोजा. जीपीएसची उंची काही मीटरने चुकते आणि इथे आपण दोन-तीन मीटरच्या बदलाबद्दल बोलतोय.

एका कोअरवर कधीच भागत नाही. मध्यभागाकडून काठाकडे एका रेषेत निदान तीन घ्या. पाणी खाली गेलं की काठाच्या कोअरमध्ये खंड पडतो: गाळ साठत नाही, उलट भेगाळतो, मुळं शिरतात. मध्यभागी मात्र तेव्हाही गाळ साठत राहतो. कोणता थर कोणत्या उंचीपर्यंत पोचला आणि कुठे संपला, यावरून पातळीचा आलेख बनतो. पाण्याच्या आजच्या रेषेच्या वर जुन्या काठाची गोट्यांची ओळ, शिंपल्यांचा पट्टा किंवा पायरीसारखा सपाट भाग दिसला तर त्याचीही उंची घ्या. तो पातळीचा सर्वांत सरळ पुरावा असतो.

वेळ एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. जेसीबीवालेही तेव्हाच येतात, त्यामुळे सरपंचांना फोन करून तारीख विचारून ठेवा. वळवाचा पाऊस झाला की तळात पाय टाकता येत नाही.

पाइप ठोकताना दर दहा-पंधरा सेंटिमीटरला थांबून दोन मापं घ्या: पाइप बाहेरून किती आत गेला आणि आतला गाळ वरच्या कडेपासून किती खाली आहे. घणाच्या ठोक्यांनी मऊ गाळ दबतो. मीटरभर पाइप गेला आणि आत ऐंशीच सेंटिमीटर गाळ असला, तर उरलेला वीसचा हिशेब नंतर लावता यायला हवा. उपसण्याआधी पाइप पाण्याने काठोकाठ भरून टोपी घट्ट लावा. आतल्या ओढीमुळे गाळ निसटत नाही. पाइपावर वरची दिशा दाखवणारा बाण आणि कोअरचा क्रमांक दोन ठिकाणी लिहा. तळ कोरडा असेल तर खड्डा खणून भिंतीवरून नमुने घेणं सोपं, पण काळ्या मातीची भिंत न सांगता कोसळते. छातीपेक्षा खोल जायचं तर पायऱ्या करत जा आणि वर एक माणूस उभा ठेवा. भिंतीवरचे नमुने खालून वर घ्या, नाहीतर वरची माती खालच्या नमुन्यावर सांडते.

६. कोअर उघडताना

पाइप दोन बाजूंनी कापायचा, मग बारीक तारेने गाळ उभा चिरायचा. पुढची पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवा. खोल, हवा न लागलेला गाळ उघडताच काळाकुळकुळीत असतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. डोळ्यांसमोर तो आधी करडा आणि मग तपकिरी होऊ लागतो, कारण त्यातलं लोह हवेने गंजतं. म्हणून रंगाची नोंद आणि फोटो आधी, बाकी सगळं नंतर. फोटोत टेप आणि रंगपट्टी असू द्या.

मग बोटाने आणि भिंगाने वरून खाली जा. चिकण, पोयटा, वाळू कुठे बदलते. शंख अख्खे आहेत की फुटलेले. कोळशाचे कण, मुळांच्या नळ्या, जुन्या भेगांत भरलेली वेगळ्या रंगाची माती. चुनखडीचे खडे दिसले की ॲसिडचा थेंब टाकून फेस पाहा, आणि खड्याचा आकार न विसरता लिहा. ओबडधोबड, गाळाला चिकटून वाढलेला खडा म्हणजे तळं तिथे कोरडं पडून माती बनली होती. गोल, घासलेला खडा शेतातून वाहून आलेला असतो. तो कोरडेपणाबद्दल काहीच सांगत नाही, उलट जोरदार ओढ्याची खूण असू शकतो.

एक अर्धा भाग क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून तसाच राखून ठेवा, चार अंशांच्या फ्रीजमध्ये. गोठवू नका, थर विस्कटतात. कार्बन डेटिंगचा नमुना फॉइलमध्ये. कागदात किंवा कापसात गुंडाळला तर आजचा कार्बन चिकटतो.

७. वय: इथे पैसे वाचवू नका

शेवटच्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० (अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं) आणि सीझियम-१३७. दुसरं अणुचाचण्यांतून आलेलं. १९६३ च्या आसपास त्याचा सुळका अपेक्षित असतो. त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४, साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, लखनौचं बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा ही यासाठी माहितीची नावं. त्यांच्याकडे अर्ज आधी, कोअर नंतर.

नाशिकमध्ये वयाचे सापळे चार.

पहिला, काळी माती. उन्हाळ्यात तिला कमरेएवढ्या भेगा पडतात, वरची माती आत पडते, पावसात भेगा मिटतात. कोरड्या पडणाऱ्या तळात हेच होतं आणि वय खाली-वर उलटं येतं. थरांत भेगा दिसल्या तर तिथला नमुना घेऊ नका.

दुसरा, चुनखडी. तिच्यातला कार्बन फार जुना. पाण्यात विरघळलेला तो कार्बन पाणवनस्पती आणि गोगलगायी घेतात आणि प्रत्यक्षापेक्षा म्हाताऱ्या दिसतात. जमिनीवरच्या झाडाचं बी, पान, काडी शोधा. मिलीग्रॅमभर कार्बन पुरतो, त्यामुळे बोरीच्या बीचा एक तुकडाही सोन्यासारखा. नुसत्या गाळाचं वय हा शेवटचा पर्याय.

तिसरा, प्रकाशावरून वय काढण्याची पद्धत. तिला क्वार्ट्‌झची वाळू लागते आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतो. फेल्डस्पारवर काम होतं, पण ते किचकट. राजस्थानच्या शोधनिबंधातली पद्धत इथे उचलून लावता येत नाही.

चौथा अगदी साधा. 'इतकी वर्षं आधी' हे कार्बनवाले १९५० पासून मोजतात, आणि कच्चं वय दुरुस्त करून घ्यावं लागतं. तुलना करताना दोन्ही आकडे दुरुस्त केलेले आहेत ना, हे पाहा.

८. चाचण्या, आणि त्यांचं इथलं वागणं

सुरुवात जळण्याच्या चाचणीने करा, कुठल्याही कॉलेजात होते. नमुना १०५ अंशांवर रात्रभर वाळवायचा, ५५० अंशांवर भाजायचा, मग ९५० वर. ५५० ला घटलेलं वजन म्हणजे सेंद्रिय भाग, ९५० ला घटलेलं कार्बोनेटचं. पुस्तकात एवढंच असतं. काळ्या मातीच्या चिकणकणांच्या रचनेत पाणी अडकलेलं असतं आणि तेही ५५० पर्यंत उडतं. म्हणून आपल्याकडे सेंद्रिय भाग फुगून दिसतो. काही नमुने कार्बन मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्या.

चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो, झटपट मोजता येते. बेसाल्टमुळे आकडा मोठाच येतो. ओढ्यांनी जास्त माती आणली की तो वाढतो, पण तळाला हवा मिळाली नाही तर मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज विरघळून घटतोही. एकट्या आकड्यावरून ओलं-कोरडं ठरवू नका. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत हा विषय नीट शिकता येतो.

झिओलाइट हे खनिज सापडलं म्हणून उड्या मारू नका. परदेशात ते खाऱ्या, अल्कधर्मी तळ्याची खूण मानतात. आपल्या खडकाच्या पोकळ्यांतच ते खच्चून भरलेलं आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन पाहा. तळ्यात तयार झालेलं आणि डोंगरातून वाहून आलेलं यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

कार्बनच्या समस्थानिकांचं (जड आणि हलक्या कार्बनचं) प्रमाण रानाबद्दल सांगतं: झाडझाडोऱ्याचं सुमारे उणे २७, कोरड्या माळाच्या गवताचं सुमारे उणे १३ दर हजारी. मूल्य उणे १३ कडे सरकलं की पाऊस घटला, असं साधारण वाचतात. आता निफाडचा गाळ घ्या. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी दुसऱ्या गटातली. द्राक्ष, कांदा, गहू पहिल्या. वरच्या थरांतला बदल पाटाच्या पाण्यामुळे आला असू शकतो.

परागकण आणि डायटम (कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) यांसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जाऊन शिका. परागकण वेगळे करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. ते हाडापर्यंत जातं. कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये त्याला हात लावायचा नाही, कोणी कितीही सोपं सांगितलं तरी. पातळीसाठी पाणकणीस आणि लव्हाळ्याचे परागकण पाहा. ते वाढले तर काठ कोअरच्या जवळ आला होता. तरंगणारे डायटम जास्त म्हणजे पाणी खोल, तळाला चिकटणारे जास्त म्हणजे उथळ. अल्कधर्मी पाण्यात डायटमची कवचं विरघळतात, तेव्हा 'सापडले नाहीत' याचा अर्थ 'नव्हते' असा घेऊ नका.

शंखांमधला ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, बंद तळ्यात बाष्पीभवनाने वाढतो. एकाच जातीचे, एका थरातले अनेक शंख घ्या. एका शंखात एखाद्याच हंगामाची नोंद असू शकते.

आणि आपल्या जिल्ह्यासारखी सोय कुठे नाही: त्र्यंबक-इगतपुरीपासून येवल्यापर्यंत गाडीने काही तासांत पाऊस कित्येक पट घटतो. या वाटेवरच्या तळ्यांतून फक्त वरचा सेंटिमीटरभर गाळ गोळा करा आणि त्याच चाचण्या लावा. आज किती पावसाला गाळ कसा दिसतो हे हातात आल्यावर जुन्या थरांचे आकडे कशाशी ताडायचे याचा प्रश्न उरत नाही.

९. पातळीवरून पावसाकडे जाताना

पातळी घटली याची कारणं क्रमाने खोडत जा: बांध फुटला का, ओढा वळवला का, गाळ भरून तळंच उथळ झालं का, विहिरींनी पाणी ओढलं का. उरला तर पाऊस. निदान तीन स्वतंत्र पुरावे एका बाजूला झुकले नाहीत तर 'दुष्काळ' हा शब्द लिहू नका. लोणारच्या कोअरमध्ये सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन लांबलेले कोरडे काळ मांडले गेले. त्यांना आधार गेलुसाइट नावाच्या क्षाराच्या स्फटिकांचा आहे, जे पाणी खूप आटून खारट झाल्यावरच बनतात. पुरावा असा हवा.

संस्कृतींशी सांगड घालायची घाई तर मुळीच नको. गुरदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांच्या परागकणांवरून सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला. १९९९ मध्ये लुणकरणसरच्या गाळाचं वय नीट काढलं, तेव्हा ते सरोवर हडप्पाच्या भरभराटीच्या आधीच आटलं होतं असं निघालं. पुढे २०१४ मध्ये हरियाणातल्या कोटला दहारच्या शंखांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस अचानक घटल्याचं दाखवलं गेलं. तीन अभ्यास, तीन निकाल, आणि कोणीही कामात कुचराई केली नव्हती. तेव्हा जोर्वे काळातली (आपल्याकडच्या ताम्रपाषाण युगातली) गावं तुमच्या तळ्यामुळे उठली असं लिहायचा मोह झाला, तर आधी आपल्या वयातली मागची-पुढची चूक बघा. ती दोन-तीनशे वर्षांची असेल तर ते वाक्य खोडा.

आलेख काढताना वयाची ही चूक पट्टा म्हणून दाखवा, रेषा म्हणून नको. राखून ठेवलेल्या अर्ध्या कोअरचा क्रमांक, जागा आणि फ्रीज कोणाच्या ताब्यात आहे हे प्रबंधातच छापा. निकालाची मराठीतली एक पानी प्रत ग्रामपंचायतीला द्या. पुढच्या वर्षी त्याच तळ्यात उतरायला दुसऱ्या कोणालातरी परवानगी मागायची असते.